सासूचा काठ

नव्या वस्तूला जगात फार मागणी असते. ती वस्तू पूर्वी सगळ्यांनी वापरून झालेली असावी, एवढीच काय ती लोकांची माफक अट असते. ही अट सोलापुरात जितक्या निष्ठेनं पाळली जाते तितकी मुंबईत पाळली जात नाही. म्हणूनच मुंबईची माणसं दर दिवाळीला वेगळी दिसतात आणि सोलापूरची माणसं वर्षानुवर्षं ओळखू येतात. गुरुबसप्पा मिरचीवाल्यांचा मुलगा चन्नवीर दोन वर्षं मुंबईला राहून आला. तिथं तो चित्रं काढायला शिकला, मधोमध भांग पाडायला शिकला, चहा बशीत न ओतता प्यायला शिकला. ही अट मात्र त्याला तिथं कुणी सांगितली नाही. ती सांगायला सोलापूर समर्थ होतं.

ते दिवस बोलपट नुकतेच बोलू लागल्याचे होते. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठत असे आणि भोंग्यावरच जेवत असे. गुरुबसप्पांची मिरचीची वखार बाळी वेशीजवळ होती. त्या वखारीत शिरणारा मनुष्य आधी शिंकतो, मग डोळे पुसतो आणि मग भाव विचारतो. रडणाऱ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला सोपं जातं, असा त्या घराण्याचा तीन पिढ्यांचा अनुभव होता. चन्नवीर मात्र लहानपणापासून गिऱ्हाइकाच्याही आधी रडायचा. डोळे वर करणं अशक्य, म्हणून तो खाली बघत बसे. आणि खाली बघितलं की वखारीत आलेल्या बायकांच्या लुगड्यांचे काठ दिसत. रुईफूल, करवत, नारळी, गोमी असे सगळे काठ त्याला मुळाक्षरांआधी पाठ झाले. पुढं एक दिवस त्याच्या मनात आलं, की हे काठ पहिल्यांदा कुणीतरी काढले असतील. हा विचार सोलापुरात त्यापूर्वी कुणाच्या मनात आला नव्हता आणि त्यावाचून गावाचं काही अडलंही नव्हतं.

"अप्पा, मी लुगड्यांचे काठ काढून विकणार," तो मुंबईहून परतल्यावर वडलांना म्हणाला.

"काठ काढून कुणी पोट भरलंय का?"

"आज विणतात ते काठ तरी कुणीतरी काढलेच असतील की."

"ते कोण काढील?" गुरुबसप्पा खरोखरच चकित झाले. "ते हायतच."

पण मुलगा ऐकेना, आणि आई शिवम्मा मुलाच्या बाजूनं दोन वेळा जेवली नाही, तेव्हा गुरुबसप्पांनी वखारीवरची माडी त्याला काढून दिली. सोबत एक अट घातली. "गड्डा भरायच्या आत एक तरी बाई तुझा काठ नेसून गावातनं फिरू दे. आणि चार लोक म्हणू देत, हा चन्नवीरनं काढलेला काठ. मग माडी तुझी. न्हाय तर गड्ड्यातनं घरी आलो की तागडी हातात घ्यायची." गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, त्या दिवसांत सोलापुरातली एकही बाई जुनेरं नेसत नाही. अटीचे भाग दोन होते. चन्नवीरनं सगळी काळजी पहिल्या भागाची केली.

सोलापुरात शून्यातून धंदा उभारण्याची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध आहे. भांडवल, माल व गिऱ्हाईक या किरकोळ बाबी मागाहून पाहिल्या जातात. प्रथम लागते ती पाटी. त्यानंतर सिद्धेश्वराची तसबीर. त्यानंतर दाराबाहेर एक बाक, ज्यावर हा धंदा का चालणार नाही हे समजावून सांगणारी मंडळी बसतील. (ही मंडळी जमवावी लागत नाहीत, बाक मांडला की येतात.) शेवटी उद्घाटनाला एक थोर गृहस्थ. चन्नवीरच्या माडीवर आलेल्या थोर गृहस्थांनी तरुणांनी नोकरीच्या मागं न लागता स्वतंत्र धंदा करावा, असं कळकळीचं भाषण केलं, पेढा खाल्ला, आणि जाताना आपल्या चिरंजीवांचा कचेरीतल्या कारकुनीसाठीचा अर्ज पोचता करण्याकरता घाईघाईनं टांगा सांगितला.

पाटीवर मजकूर होता: 'चन्नवीर नमुनेघर. लुगड्यांच्या काठांचे, पूर्वी कुणी कधीही न पाहिलेले नमुने येथे काढून मिळतील.' यातले 'पूर्वी कुणी कधीही न पाहिलेले' हे शब्द त्यानं मुद्दाम तांबड्या रंगात काढून घेतले होते. लोक ते वाचत आणि पुढं जात. बाकावरच्या मंडळींचं मत पडलं, की इतकं उघडपणे सांगायला नको होतं.

माडीच्या खिडकीतून गिरणीचं धुराडं दिसे. आषाढात एके सकाळी पश्चिमेचा वारा सुटला होता, आभाळ राखाडी होतं, आणि त्या उंच धुराड्याच्या टोकाला धुराचा तुरा उजवीकडं झुकून उभा होता. चन्नवीर बघतच राहिला. त्यानं चौकटीचा कागद घेतला आणि एक एक चौकट भरत धुराडं काढलं; त्यावरच्या लोखंडी पट्ट्या काढल्या, वर उजवीकडं झुकलेला धूर काढला, आणि अशी धुराडी ओळीनं मांडून दोन बाजूंना रेघा मारल्या. कागद लांब धरून त्यानं पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. या खेपेला ते मिरचीनं नव्हतं. आपण जगात एक गोष्ट अशी केली जी कालपर्यंत नव्हती, या आनंदापुढं त्याला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. काठाचं नाव त्यानं ठेवलं भोंगाकाठ.

तो कागद घेऊन तो चाटी गल्लीत गेला. तिथं कापडाचे मोठे व्यापारी आण्णा बसत. आण्णांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसे, पण बाजार त्यांच्या शब्दावर चाले. नवा नमुना पसंत करण्याची चाटी गल्लीची रीत ठरलेली होती. आधी विचारायचं, हा नमुना आजवर कुणी घेतलाय का? नाही म्हटलं, तर ज्याला कुणी विचारलं नाही तो आपण का घ्यावा, म्हणून परत करायचा. हो म्हटलं, तर दुसऱ्याचं उष्टं आपण का घ्यावं, म्हणून परत करायचा. या रीतीनं बाजार तीन पिढ्या नुकसानीपासून वाचला होता.

"नवं काढलंस, बेस केलंस," आण्णा कागद उलटसुलट करत म्हणाले. "आमाला नवंच पायजे. फक्त जरा रुईफुलासारखं दिसू दे की."

"मग ते रुईफूलच होईल, आण्णा."

"व्हय, पण नवं."

चन्नवीरनं त्यावर पुष्कळ विचार केला. तो विचार करत असताना आण्णांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला रुईफूल दाखवायला सुरुवात केली होती.

आण्णांच्याच दुकानात गोजाबाई बसली होती. ती करकंबची, घरची मेंढरं, नवरा घोंगड्या घेऊन बाजाराला आला की तीही बरोबर यायची आणि वर्षाचं लुगडं घेऊन जायची. तिनं वाकून कागदाकडं पाहिलं.

"ह्यो काठ कुणाचा म्हनायचा?"

"माझा," चन्नवीर म्हणाला.

"तुमचा?" गोजाबाईनं त्याला भांगापासून बुटापर्यंत न्याहाळलं. "आवो, काठ सासूचा असतोय, आईचा असतोय. बाप्याचा काठ कुटं असतोय व्हय? बाप्याचा काठ नेसून मी पान्याला गेले तर गाव काय म्हनंल?"

दुकानातले सगळे हसले. चन्नवीरही हसला. शहाणा असता तर तो घरी जाऊन पाटी बदलता. पण तो कलावंत असल्यामुळं त्यानं ते मनाला लावून घेतलं.

साखर पेठेत नरसय्या नावाचा विणकर होता. त्याच्या दारात चन्नवीर जाऊन बसू लागला. सकाळी बसे, दुपारी बसे. माझा एवढा एक काठ मागावर चढवा, एवढंच म्हणे. नरसय्या तेलुगूत नाही म्हणून पाहायचा, मराठीत नाही म्हणून पाहायचा. शेवटी हा माणूस एकदाचा दारातून उठावा म्हणून नरसय्याच्या बायकोनं नवऱ्याला ते लुगडं विणायला लावलं. (सोलापुरातली पुष्कळ कला याच मार्गानं तगली आहे.) गर्द हिरवं अंग आणि तांबड्या काठात पिवळी धुराडी, असं ते लुगडं दसऱ्याच्या सुमारास माडीवर आलं आणि खुंटीवर टांगलं गेलं. बाकावरची मंडळी येऊन ते पाहून जात. पाहून झालं की पाणी मागत.

दिवाळी आली. भाऊबीजेला अक्कलकोटहून गुरुबसप्पांची थोरली बहीण नागव्वा आली. गुरुबसप्पांना तिनं लहानपणी कडेवर वागवलेलं होतं, आणि ते अजून आपण खाली उतरलो असं मानत नसत. तिच्यापुढं त्यांना स्वतःचं मत नव्हतं. अशा बहिणीला ओवाळणीचं लुगडं आणायला ते विसरले. ऐन वेळी शिवम्मा माडीवर गेली, खुंटीवरचं लुगडं काढून आणलं आणि ताटात ठेवलं.

नागव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पण जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असं कबूल करणारी ती बाई नव्हती. तिनं काठावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"अय्य शिवा! हा तर आमच्या सासूबाईंच्या लुगड्याचा काठ!"

"आत्या, हा मी काढलाय," चन्नवीर म्हणाला.

"तू?" नागव्वाला त्याची कीव आली. "सासूबाई गेल्या तेव्हा तू जन्मला तरी होतास का रे?"

चन्नवीरनं वडलांकडं पाहिलं. गुरुबसप्पा म्हणाले, "अक्का म्हणत्येय म्हंजे असंल की. तू कुठंतरी जुनं बघून काढला असशील." तो आषाढभर माडीवर बसून काय करत होता हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि अक्कानं सांगितलेलं यांत फरक पडला, तर डोळे तपासून घ्यायचे, असं त्या घरातलं वळण होतं.

पुढच्याच महिन्यात अक्कलकोटला नागव्वाच्या पुतणीचं लग्न निघालं. नागव्वा ते लुगडं नेसून मांडवात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काठ दाखवू लागली. थोड्याच वेळात तिची धाकटी जाऊ अक्कम्मा समोर येऊन उभी राहिली. दोघी एकाच सासूच्या सुना, आणि चाळीस वर्षं एकमेकींचं एकही वाक्य त्यांनी खाली पडू दिलं नव्हतं. अक्कम्मापुढं खरोखरच पेच होता. असा काठ सासूबाईंकडं नव्हताच, असं म्हणावं, तर सासूनं तो नागव्वालाच तेवढा दाखवला, आपल्याला दाखवला नाही, असा अर्थ निघतो. होता म्हणावं, तर नागव्वा खरी ठरते. तिनं क्षणभरच विचार केला.

"होता की! लई चांगलं लुगडं होतं ते. मग सासूबाई गेल्यावर पेटीत कसं सापडलं न्हाय गं? पेटी कुणी उघडली होती?"

नागव्वानं हातातला विडा खाली ठेवला. त्यानंतर दोघींत जे झालं ते मराठीत सुरू होऊन कानडीत गेलं आणि बराच वेळ तिकडंच राहिलं. नवरानवरी अक्षता घेऊन उभी होती. कधीच अस्तित्वात नसलेल्या एका लुगड्याच्या चोरीवरून दोन घरं तुटायची वेळ आली, तेव्हा लग्न लावायला आलेले वृद्ध स्वामी पुढं झाले. त्यांनी शांतपणे निर्णय दिला, की ते लुगडं म्हातारीच्या अंगावरच समाधीत गेलं. त्यांना ते चांगलं आठवतं. आता मातीत पुरलेली गोष्ट कोण उकरून पाहणार? दोघी जावा गळ्यात गळा घालून रडल्या, अक्षता पडल्या, आणि मांडवातल्या झाडून सगळ्या बायकांनी तो काठ जवळून पाहून घेतला. कोपऱ्यात बसलेला चन्नवीर "पण मी..." एवढंच म्हणाला. त्याला लाडू वाढण्यात आला.

आठ दिवसांनी आण्णा स्वतः माडी चढून आले. व्यापारी माडी चढतो तेव्हा जिन्याला मान द्यावा असं म्हणतात.

"अक्कलकोटचा जुना काठ तुझ्याकडं हाय म्हणं. आधी न्हाय का सांगायचं? किती मागांवर घालू?"

"आण्णा, तुम्ही परत केलेला तोच हा. यात धुराडं आहे."

आण्णांनी काठ डोळ्याजवळ नेला. "धुराडं? गप. धुराडं नेसतंय का कुणी? हा सिद्धेश्वराचा नंदीध्वज हाय. ही उंच काठी, ह्या तिच्यावरच्या पट्ट्या, हा वरचा तुरा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे धुराड्याचं दुसऱ्या कुणाला बोलू नकोस. जुन्या माणसांच्या जिवाला लागंल."

तेव्हापासून भोंगाकाठाचं नाव नंदीकाठ झालं. साखर पेठेत माग रात्रंदिवस चालू लागले. हा काठ मागणाऱ्या बायकांची ढोबळ पाहणी केली असता असं आढळून आलं, की निम्म्या जणींच्या सासूकडं हा काठ होता, उरलेल्यांतल्या बहुतेकींच्या आईकडं होता, आणि ज्यांना दोघीही आठवत नव्हत्या त्यांच्या शेजारणीकडं होता. कुणाकडंच नव्हता असं म्हणणारी बाई आढळली नाही. (एक आढळली होती, तिनं दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून आपलं म्हणणं सुधारलं.) गोजाबाई करकंबहून आली तेव्हा तिनं काठ पाहताक्षणी कपाळाला हात लावला. "ह्यो तर माज्या सासूचा की वो! ह्यो बिरोबाचा खांब, आन् वर भंडारा उधळलाय, दिसंना व्हय तुमास्नी?" तिनं दोन लुगडी घेतली.

नरसय्याचं काय झालं, ते सांगायलाच हवं. पहिलं लुगडं त्यानं स्वतःच्या हातानं विणलं होतं. पण त्याच्या जातभाईंनी त्याला विचारलं, "नरसय्या, हा काठ तुझ्या तातांनी तेलंगणातून आणला म्हणे?" आता आपल्या आजोबांनी काही आणलं नाही, ते रिकाम्या हातानं आले, असं चार माणसांत कोण सांगेल? नरसय्या म्हणाला, "हो, खांद्यावर आणला." पुढं पुढं तो रस्त्यात कुठं मुक्काम पडला तेही सांगू लागला. याच सुमारास एका निवृत्त मास्तरांनी गावातल्या एका साप्ताहिकात लेख लिहून हा काठ आठशे वर्षांचा असल्याचं सिद्ध केलं. तुरा उजवीकडं का झुकतो, याचाही त्यांनी उलगडा केला: भक्त उत्तरेला तोंड करून उभा राहिला, तर उजवीकडं पूर्व येते, आणि पूर्वेला सूर्य उगवतो.

चन्नवीरची अवस्था विचित्र झाली. रस्त्यानं चालताना दर दहा पावलांवर त्याला आपलं धुराडं दिसे, आणि त्याची छाती फुगे. लगेच कुणीतरी म्हणे, "पूर्वीच्या लोकांचा हात काय होता, बघा! न्हाय तर हल्लीची पोरं." हल्लीचं पोर मान खाली घालून पुढं जाई. कुणी त्याला मूर्ख म्हटलं असतं, तर त्यानं सोसलं असतं. पण आपली वस्तू डोळ्यांदेखत सगळ्यांची व्हावी आणि आपलीच तेवढी नसावी, हे त्याला सोसेना. त्याला राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचं कारण लोक त्याच्या काठाचं कौतुक करताहेत हेच होतं.

संक्रांत आली. नंदीध्वजांची मिरवणूक झाली. दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा सगळ्या घरादाराला घेऊन गड्ड्यावर गेले. नागव्वा होती, अक्कम्मा होती, आण्णा वाटेत भेटले. नजर जाईल तिकडं नंदीकाठ होता. पाळण्यात नंदीकाठ, बांगड्यांच्या दुकानापुढं नंदीकाठ, भज्यांच्या कढईपाशी नंदीकाठ. गुरुबसप्पा थांबले आणि मुलाला म्हणाले, "काय रे, गड्डा भरला. तुझा काठ कुठाय?"

"अप्पा!" चन्नवीर ओरडला, "हा काय! हा, हा, तो तिकडचा, हे सगळे माझे आहेत! मी काढलेत!"

गड्ड्यातल्या बायका थबकल्या. मिरचीवाल्याचा पोरगा आमच्या सासवांचा काठ आपला म्हणतोय, ही बातमी पाळण्यापर्यंत गेली आणि पाळणा थांबला. ज्या सासवांना हयातीत कुणी पाणी विचारलं नव्हतं, त्यांच्या अब्रूसाठी सुना पदर खोचून पुढं आल्या. कुणी म्हणालं, मुंबईला गेलं की असंच होतं. कुणी म्हणालं, भांग बघा. चन्नवीरनं मग शेवटचा उपाय केला. गिरणीचं धुराडं जत्रेतूनही दिसत होतं. त्यानं हात वर करून ते दाखवलं.

"ते बघा! ते धुराडं बघून मी काढलाय. त्या पट्ट्या मोजा. तो धूर बघा!"

सगळ्या गर्दीनं माना वर केल्या. धुराडं हुबेहूब काठासारखं उभं होतं. पट्टी न् पट्टी तीच. फक्त थंडीच्या दिवसांत वारा फिरला होता, आणि धूर डावीकडं चालला होता.

"तुरा उलटा हाय की," अक्कम्मा म्हणाली.

"वारा फिरलाय!" चन्नवीर म्हणाला.

"वारा फिरलाय की तू फिरलायस?"

मग नागव्वानं मोतीबिंदूचे डोळे बारीक करून बराच वेळ त्या दिशेला पाहिलं. तिला धुराडं दिसत होतं असं नाही. पण ती बोलली तेव्हा शंकेला जागा उरली नाही. "बघा गं, बघा. गिरणीवाल्यांनीसुद्धा आपल्या सासूबाईंचाच काठ बघून धुराडं बांधलं. आणि नक्कल करताना तुरा उलटा केला!"

गर्दीतून समाधानाचा हुंकार निघाला. एवढ्या मोठ्या गिरणीनंही शेवटी सोलापूरचीच नक्कल केली याचा सर्वांना अभिमान वाटला, आणि पाळणा पुन्हा सुरू झाला.

आण्णांनी चन्नवीरला बाजूला घेतलं. "हे बघ, पोरा. तुझा हाय हे मला ठाऊक हाय. पण तू तुझा म्हणालास आणि लोकांनी मानलं, तर उद्यापासून एक लुगडं खपायचं न्हाय. सासूचा म्हणालास, तर जन्मभर खाशील. काय ते ठरव." बाजारात खरं बोलणारा हा एकच माणूस त्याला भेटला आणि तो असं बोलला.

चन्नवीरनं वर धुराड्याकडं पाहिलं, मग वडलांकडं पाहिलं. नमुनेघर राहावं म्हणून नाव हवं होतं. आता नमुनेघर राहायला नाव जायला हवं होतं. सगळ्यांदेखत नागव्वाच्या पायावर डोकं ठेवून तो म्हणाला, "आत्या, चुकलो. काठ सासूबाईंचाच."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुरुबसप्पा अटीचे पक्के होते. "म्हंजे तुझा असा एकबी काठ गावात दिसला न्हाय. नवा धंदा बुडाला," असं त्यांनी तिथंच जाहीर केलं, आणि पोर तागडीच्या कल्पनेनं पांढरं पडलेलं पाहून पुढं म्हणाले, "उद्यापासनं जुना धंदा सुरू कर."

पाटी बदलली. 'जुन्या घराण्यांतील अस्सल जुने काठ येथे ताजे काढून मिळतील.' त्यानंतर चन्नवीरनं पुष्कळ काठ काढले. रेल्वेचे सिग्नल काढले, ते दीपमाळा झाले. सायकलीची साखळी काढली, ती रुद्राक्षांची माळ झाली. दर वेळी पहिलं लुगडं एखाद्या मोतीबिंदूवाल्या म्हातारीला भेट जाई, बाकीचं काम जावा करत. त्याचं लग्न झालं तेव्हा नवरी मल्लव्वा नंदीकाठच नेसून आली. चार दिवसांनी भाकरी वाढताना तो न राहवून तिला म्हणाला, "हा काठ मी काढलाय." ती हसली. मग नवऱ्याचं अज्ञान उघडं पडू नये म्हणून दार लोटून घेऊन तिनं त्याला त्या काठाचा आठशे वर्षांचा इतिहास समजावून सांगितला. चन्नवीर भाकरी मोडत ऐकत राहिला. ती सांगायची तेव्हा छान दिसायची, एवढं एक बरं होतं.

हे वाचून ज्या वाचकांना हसू आलं असेल त्यांनी घरातली जुनी ट्रंक उघडावी, तळाशी घडी करून ठेवलेलं, पणजीचं म्हणून जपलेलं लुगडं काढावं आणि काठातला तुरा कोणत्या बाजूला झुकतो ते पाहावं. बहुतेक वाचक हे करणार नाहीत. ते म्हणतील, दुसऱ्यांचं असेल तसं, आमच्या घरातलं मात्र खरोखरच जुनं आहे. चन्नवीरच्या माडीवर असं म्हणत येणारं गिऱ्हाईक पुष्कळ असे. त्यांच्याकरता तो एक निराळा काठ काढून ठेवत असे, आणि सगळ्यांत जास्त खप त्याचाच होता.